डिझेलचे दोन हिशेब

कॅडेट, इयत्ता दहावी

मागच्या डिसेंबरात हिवाळी सुट्टीला मी रेल्वेने घरी गेलो नाही. वडिलांचा दहाचाकी ट्रक किशनगढला मार्बल भरायला आला होता. किशनगढ आपल्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर आहे. शाळेची परवानगी घेऊन वडील मला न्यायला आले आणि आम्ही ट्रकनेच पुण्याला निघालो. भीलवाडा, चित्तोडगड, उदयपूर, अहमदाबाद, सुरत असा सुमारे १२०० किलोमीटरांचा रस्ता. गाडीत अठरा टन मार्बलच्या लाद्या होत्या.

माझे वडील सैन्यात एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर होते. २०१७ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी कर्ज काढून हा ट्रक घेतला. त्याचा शेवटचा हप्ता मागच्या वर्षी फिटला. भीलवाड्याच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवताना ते म्हणाले, "दोन-तीन वर्षांत गाडी बदलावी लागणार. लोक म्हणतात आता इलेक्ट्रिक घ्या, कोण म्हणतो गॅसवरची घ्या. तू शिकतोयस ना? मग सांग, कुठली घेऊ?"

मला काहीच सांगता आले नाही. पर्यावरण या विषयावर मी शाळेत दोनदा भाषण केले आहे आणि एकदा बक्षीसही मिळवले आहे. पण घरचा ट्रक कोणता घ्यावा, हे त्या भाषणांत कुठेच नव्हते. सुट्टीत आणि परत आल्यावर मी जो अभ्यास केला, तो या लेखात मांडत आहे. आकडेमोड भौतिकशास्त्राच्या सरांनी तपासून दिली आहे. (पहिल्या वेळी मी ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायला विसरलो होतो आणि आमचा ट्रक लिटरला एक किलोमीटरही चालत नव्हता.)

वडिलांच्या ट्रकमध्ये डॅशबोर्डवर एक वही असते. तारीख, कुठून कुठे, माल, किलोमीटर, डिझेल, खर्च असे तिचे रकाने. फौजेत गाडीचे लॉगबुक भरायची सवय, ती सुटलेली नाही. या वहीप्रमाणे भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटरच्या थोडा वर चालतो आणि रिकामा असेल तर सहा. म्हणजे किशनगढ ते पुणे या एका खेपेला तीनशे लिटरच्या आसपास डिझेल लागते. लिटरला नव्वद रुपये धरले, तरी सत्तावीस हजार रुपये झाले. भाड्यातले निम्म्याहून अधिक पैसे पंपावरच जातात, असे वडील सांगतात.

आता त्याच तीनशे लिटरांचा दुसरा हिशेब पाहू. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ०.८४ किलो असते. त्यातला ८६ टक्के भाग कार्बन, म्हणजे सुमारे ०.७२ किलो. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतला ऑक्सिजनचा एक रेणू पकडतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे ०.७२ ला ४४ ने गुणून १२ ने भागले, की सुमारे २.६५ किलो येतात. एक किलोसुद्धा न भरणाऱ्या लिटरभर डिझेलमधून अडीच किलोहून जास्त वायू निघतो, हे ऐकून माझ्या रूममेटला मी थाप मारतोय असे वाटले. पण जास्तीचे वजन हवेतल्या ऑक्सिजनचे आहे. तीनशे लिटर म्हणजे जवळजवळ आठशे किलो. अठरा टन मार्बल पुण्याला पोचवताना आम्ही वाटेत आठशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडत आलो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ मानक आले. नव्या गाड्यांच्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आले, गाड्यांना काजळी अडवणारे फिल्टर आले आणि युरियाचे पाणी फवारून नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा आली. शहरातल्या माणसाच्या फुप्फुसांसाठी हा फार मोठा बदल आहे. पण कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास, आणि तो फिल्टरमध्ये अडकत नाही. जितके डिझेल जळेल तितका तो निघणारच. मागून काळा धूर येत नाही म्हणून ट्रक हवामानाला निर्दोष, असे म्हणता येत नाही.

या कार्बनच्या हिशेबाशेजारी इंधनाच्या परावलंबनाचाही हिशेब ठेवावा लागतो. आपण सैनिकी शाळेतली मुले, त्यामुळे हा आपल्याला जास्त जवळचा वाटायला हरकत नाही. भारत आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. त्यातला मोठा भाग होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो आणि ती सर्वांत अरुंद जागी चाळीस किलोमीटरसुद्धा रुंद नाही. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा काही महिन्यांत तेलाचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या जवळ गेला. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने तो १२० डॉलरच्या वर नेला. संकटासाठी म्हणून विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखालच्या खडकांत पोकळ्या करून ५३.३ लाख टन तेल साठवण्याची सोय केली आहे. देशाच्या गरजेच्या मानाने हा साठा दहा दिवसांनाही पुरणारा नाही. आणि देशातला सुमारे ७० टक्के माल रस्त्याने जातो. डिझेल थांबले तर भाजी, औषध, सिमेंट आणि सैन्याची रसद सगळेच अडते.

वडील लेहच्या कॉन्व्हॉयमध्ये गाडी चालवत असत. हिवाळ्यात खिंडी बंद होण्याआधी पुढच्या ठाण्यांवर सगळा साठा पोचवावा लागतो. ते म्हणाले, "आम्ही तेल पोचवायला जायचो आणि जाता जाता तेलच जाळायचो. रोहतांग चढताना काटा खाली जाताना दिसायचा." ३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरांचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी झाले. चढावर लिटरला तीन किलोमीटर धरले, तर एका ट्रकचे एका बाजूचे पंधरा लिटर वाचले. चांगल्या रस्त्यानेही इंधन वाचते, हे मला तोपर्यंत सुचले नव्हते.

मग ट्रकचे डिझेल नेमके जाते कुठे? सपाट रस्त्यावर ट्रकला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. एक, टायर आणि रस्ता यांच्यातला लोळणीचा रोध. दुसरी, समोरची हवा. आमचा भरलेला ट्रक २८ टनांचा. ट्रकच्या टायरचा लोळणगुणांक ०.००७ धरला, तर २८,००० गुणिले ९.८ गुणिले ०.००७ म्हणजे सुमारे १९२० न्यूटन. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरचा पृष्ठभाग ८ चौरस मीटर आणि रोधगुणांक ०.८ धरला, तर ताशी ६० ला तो सुमारे १०७० न्यूटन होतो. दोन्ही मिळून जवळजवळ ३००० न्यूटन. म्हणजे दर किलोमीटरला ३० लाख ज्यूल काम.

एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६० लाख ज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली ३८ टक्क्यांच्या आसपासच चाकांना देते. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. हाती राहिले १३७ लाख ज्यूल. त्याला ३० लाखांनी भागले की लिटरला ४.६ किलोमीटर येतात. वहीतला आकडा चारच्या थोडा वर. मधला फरक चढ, गतिरोधक आणि टोलवरचा. माझे उत्तर वडिलांच्या वहीच्या इतके जवळ आले, तेव्हा मला एनडीएची परीक्षा पास झाल्यासारखे वाटले!

या गणितातून काही गोष्टी आपोआप कळतात. वेग ६० वरून ८० केला, की हवेचा रोध १०७० वरून १९०० न्यूटन होतो आणि लिटरला ४.६ ऐवजी ३.६ किलोमीटरच पडतात. बाराशे किलोमीटरांत सत्तरेक लिटर जास्त, आणि वाचतात पाच तास. वडील काटा हिरव्या पट्ट्याबाहेर जाऊ देत नाहीत. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते आणि मला खरे तर लाज वाटत होती. उदयपूरच्या पुढे त्यातलेच दोन ट्रक आम्हाला एका पंपावर उभे दिसले.

टायरांचे तसेच. दर थांब्यावर वडील उतरून टॉमीने एकेक टायर ठोकतात आणि आवाजावरून हवा ओळखतात. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि लोळणीचा रोध वाढवतो. नायलॉन टायरपेक्षा रेडियल टायर महाग, पण त्याचा रोध कमी. आमच्या ट्रकला पुढे रेडियल आहेत आणि मागे अजून नायलॉन. आई म्हणते, ते दिवाळीला बदलायचे होते, पण माझ्या धाकट्या बहिणीची फी आधी भरली.

मला सर्वांत आश्चर्य रिकाम्या ट्रकच्या हिशेबाचे वाटले. आमचा रिकामा ट्रक दहा टनांचा. लोळणीचा रोध १९२० वरून ६९० न्यूटनवर येतो. पण हवेला ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे कळत नाही. तिचे १०७० न्यूटन तसेच. बेरीज १७६०, म्हणजे भरलेल्या ट्रकच्या जवळजवळ साठ टक्के. अठरा टन माल नेणारा ट्रक जेवढे जाळतो, त्याच्या निम्म्याहून जास्त डिझेल काहीच न नेणारा ट्रक जाळतो.

वडील सांगोल्याकडची डाळिंबे घेऊन जयपूरला आले होते. माल उतरल्यावर परतीचे भाडे लगेच मिळाले नाही. दोन दिवस ते ट्रान्सपोर्ट नगरात ताटकळले, तिथून किशनगढला गेले, तेव्हा मार्बल मिळाला. रिकामे परतले असते तर दोनशे लिटर डिझेल, म्हणजे अठरा हजार रुपये आणि ५३० किलो कार्बन डायऑक्साइड, एक पैसाही न कमावता गेला असता. मला वाटते, बॅटरी आणि हायड्रोजनवर आपण जितके बोलतो, त्याच्या निम्मे तरी परतीच्या भाड्यावर बोलायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी ट्रक आहेत. मोठ्या कंपनीचे दहा शहरांत ऑफिस असते, तिला परतीचा माल मिळतो. एका ट्रकचा मालक दलालाच्या फोनवर अवलंबून. आता मोबाइलवर भाडे जुळवून देणारी ॲप आली आहेत. वडील ती वापरतात, पण त्यांचे मत असे की ॲपवर माल दिसतो, भरवसा दिसत नाही.

थांबून राहण्यातही डिझेल जळते. ट्रकचे इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला दोन-तीन लिटर जातात. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर अनेक राज्यांच्या सीमांवरचे तपासणी नाके उठले आणि फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅग सक्तीचा झाला. ट्रक घेतल्यावरची पहिली तीन वर्षे टोलच्या रांगेत कशी जात, ते वडील अजून रंगवून सांगतात. ही दोन्ही पावले काही पर्यावरणासाठी उचललेली नव्हती, पण डिझेल वाचलेच.

किशनगढहून निघताना उड्डाणपुलावरून एक मालगाडी दिसली. कंटेनरवर कंटेनर असे दोन मजले, आणि गाडी संपतच नव्हती. ही पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गिका, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठी वेगळी रेल्वे. दादरीपासून न्हावा-शेवा बंदरापर्यंत १५०६ किलोमीटरांची. तिचा रेवाडी ते मदार हा ३०६ किलोमीटरांचा टप्पा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हा याच भागातून दीड किलोमीटर लांबीची दुमजली कंटेनरगाडी विजेच्या इंजिनावर धावली. दुमजली कंटेनर जावेत म्हणून वरची तार नेहमीपेक्षा बरीच उंच बांधली आहे.

रेल्वेचे गणित रस्त्यापेक्षा वेगळे का, तेही त्याच सूत्रात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा लोळणगुणांक ०.००१५ च्या आसपास असतो. टायरच्या ०.००७ शी ताडून पाहा. चार-साडेचारपट फरक! शिवाय एका इंजिनामागे पन्नास वाघिणी असल्या, तरी समोरची हवा मुख्यतः पहिल्यालाच कापावी लागते.

"मग मार्बल रेल्वेने का पाठवत नाहीत?" मी विचारले.

वडील हसले. "रेल्वेला पूर्ण रेक लागतो. या माणसाकडे आहे एका ट्रकचा माल. आणि लादी जितक्या वेळा उचलशील तितकी फुटते. इथून स्टेशन, स्टेशनवर वाघीण, तिकडे उतरून परत ट्रक. मी त्याच्या गोडाउनच्या दारातून उचलतो आणि गिऱ्हाइकाच्या दारात ठेवतो."

यावर तोडगा म्हणून ट्रकच रेल्वेवर चढवायची पद्धत आहे आणि ती आपल्या कोकणात सुरू झाली. १९९९ पासून कोकण रेल्वे रो-रो सेवा चालवते. कोलाडला भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढतात, ड्रायव्हर आपल्या केबिनमध्येच बसतो, आणि गोव्यातल्या वेर्ण्याला किंवा कर्नाटकातल्या सुरतकलला उतरून ट्रक पुढे चालू लागतो. कोलाड ते सुरतकल सातशे किलोमीटरांच्या आसपास अंतर. तितके टायर झिजत नाहीत, घाट चढावे लागत नाहीत आणि ड्रायव्हरला झोप मिळते. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले, त्यामुळे या प्रवासाला आता डिझेल लागण्याचे कारणच उरले नाही. वडील एकदा मंगळुरूचा माल घेऊन असे गेले होते. त्यांची तक्रार एकच, गाडी भरेपर्यंत कोलाडला वाट पाहावी लागली. पण ट्रकमध्ये बसून, स्टिअरिंगला हात न लावता, खिडकीतून कोकण पाहण्याची मजा ते अजून सांगतात.

ट्रकसकट वाघीण नेणे म्हणजे फुकटचे वजन नेणे नाही का, असा प्रश्न मला पडला होता. ट्रक २८ टन आणि वाघीण २२ टन धरली, तर एकूण पन्नास टन. पोलादी चाकांवर त्यांचा लोळणीचा रोध भरतो ७३५ न्यूटन. नुसत्या ट्रकला रस्त्यावर १९२० लागत होते. वजन जवळजवळ दुप्पट होऊनही रोध निम्म्याहून कमी! आपल्या भागात या मालवाहू मार्गिकेवर रेवाडी ते पालनपूर अशी ट्रक-ऑन-ट्रेन सेवा सुरू झाली आणि गुजरातेतले दुधाचे टँकर तिच्यावरून उत्तरेकडे जाऊ लागले. राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा ४५ टक्क्यांवर न्यायचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे असेल तर एका ट्रकच्या मालाचा व्यापारी रेल्वेला दिसला पाहिजे. वैतरणेपासून बंदरापर्यंतचा टप्पा या मार्गिकेत सर्वांत मागे राहिला. अशी सेवा किशनगढपासून थेट महाराष्ट्रात उतरली, तर वडील जातील का, असे मी विचारले. ते म्हणाले, "वेळेवर पोचवणार असतील तर उद्याच."

आता इलेक्ट्रिक ट्रक, ज्यासाठी मी हे सगळे सुरू केले. आधीच्याच सूत्राने आमच्या ट्रकला किलोमीटरला ३० लाख ज्यूल, म्हणजे ०.८३ युनिट वीज लागते. बॅटरी आणि मोटरमधली गळती धरून एक युनिट म्हणू. पुण्यापर्यंत १२०० युनिट. आजच्या बॅटरीत एका किलोला साधारण ०.१६ युनिट मावते. म्हणजे एका चार्जवर पुणे गाठायचे तर साडेसात टनांची बॅटरी हवी. अठरा टनांतला साडेसात टन माल तिथेच कमी झाला. तीनशे किलोमीटरांपुरती बॅटरी घेतली तर दोन टनांत भागते, पण मग वाटेत तीन-चार वेळा चार्जिंग करावे लागेल, आणि ट्रकला पुरेल असा मोठा चार्जर रस्त्यात हवा.

कार्बनचे उत्तर तर माझ्या मनाविरुद्ध आले. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. म्हणजे किलोमीटरला ०.७ किलो. आणि डिझेल? २.६५ भागिले ४.६, म्हणजे ०.५८. तेल काढणे, जहाजाने आणणे आणि रिफायनरीत शुद्ध करणे यांचा पाचवा हिस्सा वर धरला, तर तेही ०.७. सपाट हायवेवर सरळ चालणाऱ्या भरलेल्या ट्रकसाठी दोन्ही जवळपास सारखेच! मी हे तीनदा तपासले. सर म्हणाले, गणित बरोबर आहे, पण ट्रक दहा-पंधरा वर्षे चालतो, हे लक्षात घे. जून २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायू सोडून इतर साधनांची झाली. ग्रिड जसजशी स्वच्छ होईल, तसतसा तोच इलेक्ट्रिक ट्रक स्वच्छ होत जाईल. डिझेलचा ट्रक विकत घेतल्या दिवशी जितका कार्बन सोडतो, तितका शेवटपर्यंत सोडतो. शिवाय राजस्थानात दुपारी सौर विजेवर चार्ज केला तर आजही हिशेब वेगळा येईल. आणि जिथे सारखे थांबावे-निघावे लागते, तिथे ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा इलेक्ट्रिक ट्रक परत बॅटरीत घेतो. म्हणून २०२५ मध्ये न्हावा-शेवा बंदरात बॅटरी बदलता येणारे अवजड इलेक्ट्रिक ट्रक आले, ते मला योग्य वाटते. तिथे खेपा जवळच्या, जागा ठरलेली, आणि ट्रक रोज त्याच ठिकाणी परत येतो.

परावलंबनाच्या हिशेबात मात्र इलेक्ट्रिक ट्रक आजच जिंकतो. वीज कोळशाची असो की सूर्याची, बरीचशी आपल्याच देशातली आहे. यावर माझ्या वर्गातला एक मित्र म्हणाला, बॅटरीचे सेल तर बहुतेक चीनमधूनच येतात, मग फरक काय पडला? त्याचा मुद्दा खरा आहे. पण डिझेल रोज विकत घेऊन रोज जाळावे लागते. बॅटरी एकदा घेतली की कित्येक वर्षे चालते. उद्या समुद्रातून येणारी जहाजे थांबली, तर डिझेलचे ट्रक साठा संपताच उभे राहतील. बॅटरीची जहाजे थांबली, तर नवे ट्रक मिळणार नाहीत, पण रस्त्यावर असलेले चालत राहतील. लढाईच्या दृष्टीने हे दोन धोके सारखे नाहीत.

गॅसवरच्या ट्रकचे, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, नाव वडिलांनी घेतले होते. त्याचा कार्बन डिझेलपेक्षा थोडा कमी, पण देशाला लागणाऱ्या वायूपैकी साधारण निम्मा आयातच होतो. हायड्रोजनच्या ट्रकच्या चाचण्या २०२५ मध्ये सुरू झाल्या. आमच्या घरासाठी त्या अजून लांब आहेत.

पैशांचेही बोलायला हवे. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ पासून इलेक्ट्रिक ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते, त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचा दाखला लागतो. पण असा ट्रक डिझेलच्या ट्रकपेक्षा दुपटीने तरी महाग आहे. वडील म्हणाले, "नऊ लाख सरकार देईल. बाकीच्यावर बँक माझ्याकडे काय तारण मागेल ते तुला ठाऊक नाही." तारण म्हणजे गावाकडची जमीन, हे मला ठाऊक आहे.

म्हणून माझे उत्तर मी घरी पोचल्यावर एका कागदावर लिहून दिले. या मार्गावर इतक्यात इलेक्ट्रिक ट्रक घेऊ नका. हाच ट्रक आणखी तीन वर्षे चालवा. मागची नायलॉन टायर आधी बदला. केबिनच्या टपावर हवा वळवणारा पत्रा बसवा. परतीचे भाडे ठरल्याशिवाय निघू नका, दोन दिवस थांबावे लागले तरी चालेल. आणि तीन वर्षांनी तिन्ही गोष्टी पुन्हा पाहू : ट्रक-ऑन-ट्रेन कुठपर्यंत आली, रस्त्यात चार्जर आले का, आणि बॅटरीचे वजन किती उतरले. वडिलांनी कागद वाचला, घडी करून वहीत ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे खर्च टायरचाच निघाला."

पुण्यात माल उतरल्यावर त्यांनी टाकी भरली आणि वहीत लिहिले : २८७ लिटर. मी शेजारी एक नवा रकाना आखला आणि त्यात ७६० किलो असे लिहिले.

"हा कशाला? याचे पैसे कोण देणार?"

मी म्हटले, "कोणीच नाही. नुसता लिहायचा."

त्यांनी काही म्हटले नाही. गेल्या आठवड्यात आईच्या पत्रासोबत वहीच्या एका पानाची झेरॉक्स आली. मागच्या टायरांचे बिल वर पिनने लावले होते. नवा रकाना वडिलांच्या अक्षरात भरलेला होता, पण ३१० लिटरपुढे ७९३ लिहिले होते. त्यांनी २.६५ ऐवजी २.५६ ने गुणले होते. रविवारी फोनवर सांगणार आहे.